खिडकीच्या काचेवरचं धानाचं पान

दोन्ही रिव्ह्यूअरचे ‘छापायला हरकत नाही’ असे शेरे आले होते, फाइल प्रेसमध्ये जायची होती, आणि मी लेखातला एक रंगीत कागद खिडकीच्या काचेला उलटा लावून उभा होतो.

“परातेभाऊ, काय करून राहिले तुम्ही?” मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या शेतीशास्त्राच्या जर्नलच्या संपादक.

“मॅडम, हे पान आणि ते पान एकच आहे.”

आधी काम सांगतो. मी चौथी शिकलेलो. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा नागपुरातल्या या ऑफिसात लागलो. रिटायर झालो, तरी मॅडमनी ठेवून घेतलं. बाहेरून एखादा शास्त्रज्ञ लेख पाठवतो. तो लगेच छापत नाहीत. त्याच विषयातल्या दोन जाणकारांकडे जातो, ते शेरा देतात. त्याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. लेखकाचं नाव त्यांना कळू द्यायचं नाही, त्यांचं लेखकाला. बाकीकडे हे कम्प्युटरवर होतं, आमच्या मॅडमना कागद लागतो. म्हणून प्रिंट काढणं, लेखकाचं नाव काळ्या पट्टीने झाकणं, पाकिटं रवाना करणं ही कामं माझी. इतक्या वर्षांत एकही नाव पट्टीतून डोकावलं नाही. हे मी कोणालाही सांगतो.

हा लेख धानावरच्या करपा रोगाचा होता. करपा आला की पानांवर भुरकट ठिपके पडतात आणि पानं वाळत जातात. बाजारात नुकतंच आलेलं एक औषध कुही आणि उमरेड, दोन्हीकडच्या शेतांत फवारलं आणि करपा थांबला, असं त्यात होतं. माझा जावई कुहीला धान लावतो. त्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, करपा नुकताच दिसला होता. छापायच्या आधी लेखातलं बाहेर बोलायचं नसतं, हा नियम मला पाठ आहे. तरी शेरे आले त्या सकाळीच मी त्याला फोन केला. “हेच मार बिनधास्त. दोन डॉक्टरांनी तपासलं आहे.” सासऱ्याचा शब्द. त्याने जुनं औषध बाजूला ठेवलं. संध्याकाळी फवारणार होता.

दुपारी मी प्रेससाठी फोटोंचे रंग पाहत होतो. औषध न मारलेलं रोगट पान, कुहीचं एक आणि उमरेडचं एक. इंग्रजी मला गावांच्या नावांपुरतं वाचता येतं, म्हणून मी चित्रच पाहतो. लुगड्याच्या दोन काठांवर तीच नक्षी समोरासमोर तोंड करून असते. ती विणत आलेल्या माणसाला उलटी नक्षी ओळखू येते. ठिपके तेच होते. टोकाजवळ किडीने खाल्लेली खाच तीच, फक्त दुसऱ्या बाजूला. कागद काचेला उलटा धरला आणि उमरेडचं पान कुहीचं झालं.

मॅडम उठून आल्या. दुसरा फोटो शेजारी धरला.

“दोघांच्याही लक्षात आलं नाही,” त्या म्हणाल्या.

“पण ते शेतात गेले असतील ना?”

“कोण?”

“रिव्ह्यूअर. तपासायले.”

“शेतात कोणी जात नाही, परातेभाऊ. ते लेख वाचतात. पद्धत बरोबर आहे का, आकडे जुळतात का, ते पाहतात. तेही आपलं काम सांभाळून, फुकटात.”

“मंग धान कोणी पाहिलं?”

“ज्याने लिहिलं त्याने. असं आपण धरून चालतो.”

एवढी वर्षं मी समजत होतो की आपलं पाकीट पोचलं की तो माणूस गमबूट घालून बांधीत उतरत असेल. कधी विचारलं नाही. विचारायला आपल्याला माहीत नाही हे कबूल करावं लागतं.

मॅडमनी लेखकाला फोन लावला, स्पीकरवर. तो कॉलेजात शिकवणारा माणूस. आधी म्हणाला, फोटो चुकून दोनदा लागला.

“ठीक आहे. उमरेडचे बाकीचे फोटो आणि शेतावरची नोंदवही उद्या आणून द्या.”

मग म्हणाला, “मॅडम, उमरेडले जाणं झालंच नाही. कुहीलाही एकाच बांधीत केलं. पण रिझल्ट तोच आला असता.”

“असता?” मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता माझा फोन. मी व्हरांड्यात गेलो.

“ते औषध मारू नको,” मी जावयाला म्हटलं.

“काहून जी? पंप भरून राहिलो मी. तुम्हीच तं म्हटलं दोन डॉक्टरांनी तपासलं.”

“कागद तपासला गा त्यायनं. धान कोणी पाहिलंच नाही. मले माहीत नव्हतं.”

“मामाजी, तुमाले माहीत नाही अशीबी गोष्ट आहे?”

“आहे. जुनंच मार.”

त्याने जुनंच मारलं. दोन बांध्या गेल्या, बाकीचं धान उभं राहिलं. लेख परत गेला. दोन्ही रिव्ह्यूअरना मॅडमनी पत्र लिहिलं. एकाचं उत्तर आलं: आकडे तपासले, फोटो पाहायचे राहिले.

फोन कोणाला केला होता, हे मॅडमनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी लेखांच्या कपाटाची चावी माझ्याकडून काढून घेतली. मी पुष्कळ भांडलो. चावी काही मिळाली नाही. फोटो मात्र आता प्रेसला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात.

तपासलेलं आहे असं कोणी म्हटलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ते कोणीतरी वाचलं आहे.