सोलांजची कंबर

सोलांज शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची आणि रविवारी फोंतेनब्लोच्या जंगलात खडक चढायची. मी तिची खालच्या मजल्यावरची शेजारीण. मला चढणं जमत नाही. मी डबा आणि टोमणे घेऊन बरोबर जाते.

तिथे खडकांवर अवघडपणाप्रमाणे रंगीत बाण रंगवलेले असतात; तिचा जीव निळ्या बाणाच्या एका शिळेवर. दोन माणसं उंच, कलती, गुळगुळीत. हातानं धरायला काही नाही. चवड्यांवर भरवसा ठेवून ताठ उभं राहायचं. घाबरून अंग खडकाला चिकटवलं की पाय निसटलाच. खाली नवरा आर्मां हात वर करून उभा. ती पडली तर सावरायचं, हे लग्नाआधीपासून त्याचं काम.

गेल्या हिवाळ्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी आर्मांची छाती उघडावी लागली. वसंतात आम्ही पुन्हा गेलो. सोलांजनं बरोबर आणलेल्या पायपुसण्यावर बूट घासले, चढली, अर्ध्यात पोचल्यावर सवयीनं खाली पाहिलं. आर्मांचे हात छातीच्या वर जातच नव्हते. ती तिथेच थिजली.

"आर्मां, बाजूला हो."

"का? आज नवीन उभा राहिलोय का?"

"बाजूला हो म्हणते ना!"

"तू चढ. वटवट नको."

मी त्याचा कोट ओढला. "अरे, ती तुझ्या टाक्यांवर आदळेल!"

"मग पडू नको म्हणावं तिला."

शेजारच्या खडकावरच्या पोरांनी खाली टाकायला जाड गादी आणू का विचारलं. "तुमच्या आजीला द्या," आर्मां म्हणाला. त्याच्या कानाखाली एक द्यावी असं वाटलं मला.

खाली उतरावं तर पाय कुठे टेकवायचा ते दिसत नव्हतं. वर जावं तर सगळा भार एका चवड्यावर टाकायचा, आणि तो निसटला तर ती थेट नवऱ्यावर. तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या.

"हट्टी गाढवा," ती हळूच म्हणाली, आणि उभी राहिली. चवडा टिकला. वर पोचून ती आमच्याकडे पाठ करून रडली. मागच्या बाजूनं उतरून आली तेव्हा म्हणाली, "कमरेत लचक भरली. ही शिळा आता बास."

तेव्हापासून ती पांढऱ्या बाणांचे, लहान मुलांचे खडक चढते. गुडघाभर उंचीचे. आर्मां हात पाठीमागे बांधून उभा असतो, वर पोचली की "शाब्बास" म्हणतो. मला ते बघवत नाही.

परवा आर्मां माझ्याकडे कॉफीला बसला होता. सोलांज बाजारातून आली आणि माझ्या उघड्या दारासमोरून जड पिशवीसकट दोन-दोन पायऱ्या एकदम घेत धडाधड वर गेली. मी आर्मांकडे पाहिलं. तो साखर ढवळत होता.

"कमरेनं फार हाल केले गं बिचारीचे," तो म्हणाला, आणि वरचं दार लागेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.