येतंयरावांची रांग

माईकला दोन बटणं होती. हिरवं दाबलं की आवाज बाजूच्या छोट्या हॉलपुरता, लाल दाबलं की अख्ख्या विमानतळभर. येतंयरावांनी घसा खाकरला, आरशासमोर उभं राहून घोटलेलं वाक्य मनातल्या मनात एकदा फिरवलं आणि लाल दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. काही अडचणींमुळे आजचं संध्याकाळचं उड्डाण रद्द करण्यात आलं आहे. सर्वांनी मदतीच्या खिडकीपाशी यावं."

वाक्य असं झोकात उतरलं की त्यांची मान आपोआप डोलली. मग काचेपलीकडे नजर गेली. मोठ्या हॉलमध्ये सामान देऊन, पाय पसरून निवांत बसलेले खरेखुरे प्रवासी उठून खिडकीकडे निघाले होते. रद्द व्हायचं होतं ते तालमीतलं विमान. खरं विमान तिकडून वेळेवर निघून इकडेच यायला लागलं होतं.

येतंयराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते प्रवाशांनी ठेवलं. ऐन तारुण्यात गृहस्थ बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसायचे, तिथून एका छोट्या विमान कंपनीत लागले, आणि वाढत वाढत या छोट्या विमानतळावर कंपनीचे प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे काय, तर खिडकी जरा मोठी झाली. प्रश्न तोच राहिला, कधी येणार? हेड ऑफिस त्यांना काही कळवत नसे, म्हणून उत्तरही तेच राहिलं, येतंय. याला खोटं म्हणता यायचं नाही, कारण कुठून तरी, कधी तरी ते येतच असायचं. घरी बायकोनेही हे नाव उचललं होतं. जेवायला कधी येताय हे विचारायला फोन केला की ती आधीच बजावायची, "येतोय म्हणू नका. निघालात का तेवढं सांगा."

माणूस मात्र भलता चौकस. आपली जागा तिकिटावर छापलेली असताना लोक विमानात चढायला आधीपासून ताटकळत का उभे राहतात, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळत होता. एकदा त्यांनी एका उभ्या गृहस्थाला सरळ विचारलंही. गृहस्थ म्हणाले, तुमचं काय जातंय? येतंयरावांना हे उत्तर पटलं, पण पुरलं नाही.

तर अशा माणसाच्या बोडक्यावर सरकारचा नवा नियम येऊन आदळला. उड्डाण रखडलं किंवा रद्द झालं तर प्रवाशांना कोण सांगणार, कुठे बसवणार, काय खायला घालणार, पुढे कसं पाठवणार, हे विमान कंपन्यांनी आधीच ठरवून ठेवायचं. नुसतं ठरवायचं नाही, तपासनिसांसमोर रंगीत तालीम करून दाखवायची. हेड ऑफिसने छापील आराखडा पाठवला. वर तोंडी निरोप असा की तालीम बिघडली तर त्या गावाचं संध्याकाळचं विमानच बंद करू, सुधारणांवर खर्च करत बसणार नाही. विमान बंद म्हणजे येतंयरावांची बदली. बायकोचं शिवणकामाचं दुकान इथे नुकतं कुठे नावारूपाला आलेलं. ते गुंडाळून परक्या शहरात जायचं या विचाराने दोघांची झोप उडाली होती.

तालमीला प्रवासी लागतात. ते कुठून आणायचे? घरातून. आधीच्या दोन तालमी त्यांनी अशाच मारून नेल्या होत्या. सासूबाई, मेहुणा, बायकोच्या दुकानातल्या मुली आणि शेजारची दोन बिऱ्हाडं, सगळे छोट्या हॉलमध्ये प्रवासी होऊन बसायचे. मेहुण्याकडे संतापलेल्या प्रवाशाचं काम होतं. त्याने स्वतःची वाक्यं स्वतः लिहून पाठ केली होती, आणि ती पुरी म्हटल्याशिवाय तो कुणाला हलू देत नसे.

आज मात्र लाल बटणाने घोटाळा केला, घरचे आणि खरे प्रवासी एकाच खिडकीपाशी जमले. येतंयरावांनी घाईघाईने पुन्हा माईक धरला आणि सांगितलं की विमान रद्द झालेलं नाही, ही फक्त तालीम होती, विमान येतंय.

रांगेतून हसू आलं, पण आनंदाचं नव्हे. कुणीतरी म्हणालं की आधी रद्द म्हणायचं आणि लोक भडकले की तालीम म्हणायचं, ही नवी तऱ्हा दिसते. एक पाय रांगेबाहेर पडला नाही. इतक्या वर्षांचं 'येतंय' आज खरं होतं, आणि आजच त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

तपासनीस बाई हे सगळं खांबाला टेकून बघत होत्या. येतंयराव कपाळ पुसत त्यांच्यापुढे उभे राहिले. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "यातली तुमची माणसं कुठली आणि खरी कुठली?"

"तुम्हीच ओळखा," असं येतंयरावांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंनी मनावर घेतलं. शेजारणीला आपल्या संधिवाताची हकीकत सांगणाऱ्या सासूबाई त्यांना खऱ्या वाटल्या. रांगेत मुकाट उभा असलेला चष्मेवाला, जो खरोखर चष्म्याच्या फ्रेमा आणायला निघाला होता, तो त्यांनी खोटा ठरवला. "इतका शांत माणूस तुम्ही पढवूनच आणला असणार," त्या म्हणाल्या.

मग येतंयरावांनी स्वतः बघायला सुरुवात केली, आणि त्यांचा तो जुना किडा वळवळला. आराखड्याप्रमाणे मोठ्या हॉलच्या पार टोकाला टेबल मांडलं होतं. त्यावर चहा, पाणी, बिस्किटं, सँडविच. टेबलाभोवती ही गर्दी, पण सगळी घरची. मेहुणा दोन्ही हातांत सँडविच घेऊन संतापत होता. खऱ्या प्रवाशांपैकी एकही तिकडे फिरकला नव्हता. चष्मेवाला मात्र दर थोड्या वेळाने पाण्याकडे बघे आणि ओठांवरून जीभ फिरवे.

"पाणी घ्या ना," येतंयराव त्याच्याजवळ जाऊन म्हणाले.

"आणि माझा नंबर?"

"तो कुठे जातोय?"

"तुम्ही कधी रांगेत उभे राहिलाय का हो?"

येतंयराव विचारात पडले. खिडकीच्या आत त्यांचं आयुष्य गेलं होतं, बाहेर कधी वेळच आली नव्हती. "तुम्ही जा, मी उभा राहतो तुमच्या जागी," ते म्हणाले. चष्मेवाला गेला, घटाघटा पाणी प्यायला आणि धावतच परत आला. त्याच्यामागची बाई लगेच म्हणाली, मग माझ्याही जागी उभे राहा. तिच्यामागच्या आजोबांनी तर विचारलंसुद्धा नाही, नुसती आपली पिशवी यांच्या हातात दिली. अशा रीतीने कंपनीचे स्थानिक प्रमुख स्वतःच्याच रांगेत एकेक जागा मागे सरकू लागले.

तिथून त्यांना खिडकी समोरून दिसली. खिडकीत कुणीच नव्हतं. आराखड्यात तिथे बसायचं होतं त्यांनीच.

तपासनीस बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "मी पुष्कळ तालमी बघितल्या," त्या म्हणाल्या. "सगळीकडे खाणं संपलेलं असतं. मी व्यवस्था पुरेशी म्हणून लिहून मोकळी होते. संपवतं कोण, ते कधी बघितलं नव्हतं."

येतंयरावांनी मेहुण्याला हाक मारली. तो आपल्या वाक्यांच्या ऐन मध्यावर आला होता.

"तू आता प्रवासी नाहीस. ट्रे उचल आणि रांगेतून फीर."

"भावोजी, माझं अजून नुकसानभरपाईचं राहिलंय."

"ते चहा देता देता म्हण."

मेहुणा तोंड पाडून ट्रे घेऊन निघाला, दुकानातल्या मुली पाण्याचे पेले घेऊन मागे. येतंयराव आजोबांची पिशवी परत करून एकदाचे खिडकीत जाऊन बसले. विचारणाऱ्याला त्यांनी आज विमान कुठून निघालं, आत्ता कुठवर आलं असेल आणि उशीर झालाच तर काय करायचं, हे जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हटलं. हे म्हणायला त्यांना फार जड गेलं, पण गंमत अशी की लोकांना ते येतंयपेक्षा जास्त पटत होतं. तरी रांग मोडली ती धावपट्टीवर विमान टेकलेलं काचेतून दिसल्यावरच.

प्रवासी गेले. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. आराखडा नापास होता. टेबल टोकाला, खिडकी रिकामी, आणि चुकीच्या घोषणेचा खुलासा वेगळा द्यायचा. येतंयरावांना बायकोच्या दुकानाची पाटी डोळ्यांसमोर उतरवलेली दिसायला लागली.

"आणि विमान?" त्यांनी विचारलं.

"पुढची तालीम होईपर्यंत चालू राहील, असं मी तुमच्या हेड ऑफिसला कळवते. आज पाहिलंत त्यावरून नवा आराखडा तुम्हीच करा, छापील नको." मग त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. "आणि पुढच्या वेळी प्रवासी अनोळखी हवेत. घरचं कुणी दिसलं तर तालीम तिथेच थांबवीन."

बायकोला हे फोनवर सांगितल्यावर तिकडून आधी शिवणयंत्र थांबल्याचं ऐकू आलं, मग एक लांब सुस्कारा. पुरतं सुटलो नव्हतो, पण बुडालोही नव्हतो.

सासूबाईंना मात्र यातली शेवटची अटच तेवढी लागली. त्या आपली बॅग उचलून गाडीकडे निघाल्या. येतंयरावांनी त्यांच्या हातातली बॅग घेतली तर हात एकदम खाली गेला. तालमीला बाकीच्यांनी बॅगांत जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती.

"यात काय भरलंय एवढं?"

"दोन साड्या. गोळ्या. ताईसाठी विणलेला स्वेटर."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, हे संध्याकाळचं विमान जातं त्या गावी राहणारी. पहिल्या तालमीला सासूबाई तयार होईनात तेव्हा येतंयराव बोलून गेले होते की चला तर खरं, नंतर तुम्हाला विमानाने ताईंकडे धाडतो.

"तिन्ही वेळा भरून आणली, जावईबापू. म्हटलं, काय सांगावं, चुकून बसवतीलही. माझं विमान तीनदा रद्द झालं, उडालं एकदाही नाही. आता तर रद्द व्हायलाही बोलवणार नाही म्हणता."

येतंयरावांनी बॅग गाडीत मागे ठेवली, ती आडवी पडली म्हणून पुन्हा उभी केली आणि सासूबाईंसाठी दार उघडलं. आत बसताना त्या म्हणाल्या की स्वेटर तेवढा बाहेर काढून ठेवते, कसर लागेल.