तेजश्रीचं चूलबंद आवतण

बेलवाडीच्या मंगळी दरवडाची मुलगी तेजश्री नेरळला कॉम्प्युटरवर काम करते असं सांगितलं, की लोक हमखास विचारतात, "म्हणजे फॉर्म भरून देते का?" तेजश्री हसत नाही. "भरून नाही देत, बनवते," एवढंच म्हणते आणि चालायला लागते. वाडी डोंगराला टेकलेली. तिथून स्टेशनजवळच्या गाळ्यापर्यंत पाऊण तास पायी, वाटेत रिक्षा मिळाली तर मिळाली. आश्रमशाळेत बारावी केली, कर्जतला वर्षभर कोर्स केला. परमेश्वरानं बुद्धी वाटताना वाडी कुठली आणि गाव कुठलं हे बघितलेलं नाही. ते बघतात माणसं.

गाळा जितेश शेठचा. त्याचं दुकान म्हणजे मोबाईलवर उघडणारं एक पान. कडावचा तांदूळ, घरचं तूप, कडवे वाल असा आसपासचा माल त्यावर फोटोसकट मांडलेला, प्रत्येक फोटोखाली 'मागवा' असं हिरवं बटण. नेरळच्या नव्या सोसायट्यांतल्या बायका ते दाबतात आणि दुसऱ्या दिवशी टेंपो दारात उभा. हे पान तेजश्रीनंच लिहिलेलं, चैत्रात, तेव्हा त्यावर सगळे मिळून बारा जिन्नस होते.

शेठ माणूस वाईट नव्हे, पण जीभ सैल. नव्या घराची वास्तुशांत केली तेव्हा सगळ्यांसमोर तिला म्हणाला होता, "जेवायला ये हं तेजश्री. एकटीच ये, अख्खी वाडी घेऊन येऊ नकोस!" सगळे हसले. तेजश्री गेलीच नाही.

श्रावणात तिनं शेठच्या मागे लागून वाडीचा माल पानावर चढवला. मंगळीचा मध, चिंधीमावशीचे नाचणीचे पापड, करवंदाचं लोणचं. शेठ म्हणाला, "चढव, पण खाली. नवा माल खालीच." पान लांबायला लागलं तसं तिथला सीनियर धनेश यानं एक सुधारणा केली. पान उघडलं की पहिले बाराच जिन्नस दिसायचे, आणि बोटानं वर सरकवलं की पुढचे एकेक खेप करून येऊन बसायचे. पान लवकर उघडायला लागलं. धनेशची पाठ थोपटली गेली.

श्रावण गेला, गणपती आले नि गेले, दिवाळी झाली. वाडीच्या मालाला एकही मागणी नाही.

"तुज्या त्या मोबाईलात आमचा मध हाय का नाय गं?" मंगळी भाकरी थापता थापता म्हणाली. "का नुसता फोटू काढून नेलास?"

"आहे गं आये. हे बघ."

"मंग मागव बरं. मीच मागवते माजा मध."

मंगळीनं पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि बटण दाबलं. काही नाही. अंगठ्यानं दाबलं, मधल्या बोटानं दाबलं, मग नखानं. "बहिरं हाय हे," ती म्हणाली आणि पुन्हा तव्याकडे वळली.

तेजश्री मात्र तशीच बसून राहिली. वरचा तांदूळ दाबला की लगेच नोंद होत होती. तूप दाबलं, नोंद. तेराव्या जिनसापासून खाली सगळं बहिरं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पान उघडलं की तिचा कोड एकदाच फेरी मारायचा आणि समोर बसलेल्या प्रत्येक बटणापाशी एक ऐकणारा बसवून यायचा: तुला दाबलं की मला कळव. चैत्रात हे ठीक होतं, सगळे बारा आधीच हजर होते. आता मागाहून येणाऱ्यांपाशी कुणी गेलेलंच नव्हतं. गिऱ्हाइकं चार महिने दाबत असतील, आणि ऐकायला कुणी नाही.

चूक तिचीच होती. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. शेठ साबुदाण्याची खिचडी खात बसला होता आणि वाडीच्या मालाचीच गोष्ट काढून बसला होता. "वाडीचा माल उतरवू या आता. चार महिन्यांत कुत्रं विचारत नाही. गिऱ्हाइकाला नकोय, आपण काय करणार?"

तेजश्रीनं आपला फोन त्याच्या खिचडीच्या ताटलीशेजारी ठेवला. "शेठ, मध मागवा."

"मला नकोय मध."

"मागवा तर."

शेठनं तुपकट बोटानं दाबलं. परत दाबलं. फोन उलटा करून बघितला.

"गिऱ्हाइकाला हवा होता," तेजश्री म्हणाली. "त्यानं दाबलं, तुमच्या पानानं ऐकलं नाही."

"माझ्या पानानं? पान लिहिलं कुणी?"

"मी. चूक माझी. पण सजा माझ्या आयेला का?"

धनेश खुर्ची फिरवून म्हणाला, "मॅडम, एवढं काय त्यात? नवी खेप आली की तुमची फेरी परत मारायची. दोन मिनिटांचं काम." आणि त्यानं ते दोन मिनिटांत केलंही.

तिसऱ्या दिवशी स्टेशनपलीकडच्या सोसायटीतल्या विमलबाईंचा फोन. त्यांच्या आवाजानं शेठनं फोन कानापासून हातभर लांब धरला. एक पोतं तांदूळ सांगितला होता, तीन आली! आणि तिसऱ्या मजल्यावर चढवूनही ठेवली! धनेशची फेरी दर खेपेला पहिल्यापासून सुरू व्हायची. आधीच्या बटणांपाशी एक ऐकणारा होताच, तिथे दुसरा बसला, पुढच्या खेपेला तिसरा. बाईंनी एकदा दाबलं, तिघांनी तीनदा सांगितलं.

"बस झालं," शेठ म्हणाला. "पहिले बारा चांगले चालत होते, बाराच ठेवा. सोमवारी सकाळी वाडी उतरव, तेजश्री. तुझ्याच हातानं."

"सोमवारपर्यंत वेळ आहे ना?"

"कशाला?"

"आहे का नाही, एवढंच सांगा."

"आहे बाई, आहे."

रविवारी वाडीत चुलतभाऊ सुनीलच्या लग्नाची आवतणं द्यायची होती. मंगळी हळदीचे तांदूळ घेऊन निघाली आणि तेजश्रीला बरोबर ओढलं. डोक्यात सोमवार घोळत असल्यानं ती नुसतीच मागे चालत होती. मंगळी दर उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवायची आणि ठसक्यात म्हणायची, "चूलबंद आवतान हाय गं! त्या दिशी चूल पेटवायची नाय." की पुढच्या घरी.

चिंधीमावशीच्या दारात तेजश्री म्हणाली, "आये, मावशीचा विकास साजगावच्या कारखान्यात आहे, तो गुरुवारी येणार, नव्या बायकोला घेऊन. त्याला वेगळं सांगायचं का?"

"त्याला कशाला?" मंगळी खेकसली. "मी मानसाला सांगत नाय, घराला सांगते. लग्नापातूर त्या घरात जो कोन येईल, पावना येईल, सून येईल, त्यो माज्या आवतनात आला. मानसं मोजून आवतान देनारं घर आपलं नव्हं!"

"आणि मांडवात कळायचं कसं, कोण कुठला?"

"पंगतीला बसला की इचारायचं, कुनाच्या घरचा रं? न मंग वाढायचं. शिकून तुला येवढं पन कळंना व्हय?" चिंधीमावशी पदर तोंडाला लावून हसली.

तेजश्री तिथंच उंबऱ्यावर बसली. पाच घरं उरली होती, ती मंगळीनं एकटीनं केली.

सोमवारी धनेश यायच्या आधीच ती गाळ्यात हजर होती. बटणांपाशी बसवलेले सगळे ऐकणारे तिनं उठवले. एकच ठेवला, तो ज्या मोठ्या यादीत सगळे जिन्नस राहतात तिच्या उंबऱ्यावर. यादी पहिल्यापासून पानावर असतेच. जिन्नस आत येवोत, जावोत. आतलं काहीही दाबलं की हाक बटणावरून फोटोच्या चौकटीकडे, चौकटीवरून यादीकडे वर चढत येते, हे ती कोर्समध्ये शिकलेली होती. घोकलेलं होतं, कळलं काल. हाक आली की उंबऱ्यावरच्यानं विचारायचं, कुणाच्या घरची? 'मागवा'तून आली असेल तर कुठला जिन्नस ते बघून एकदाच नोंद घ्यायची. कुणी नुसता फोटो चाचपला असेल तर सोडून द्यायचं.

शेठ आला. "उतरवली वाडी?"

"नाही. आणि माझ्या हातानं उतरणारही नाही. उतरवायची तर आधी मला उतरवा. पण त्याआधी पान उघडा."

शेठनं धनेशकडे बघितलं, धनेशनं छताकडे. पान उघडलं. पान उघडं असतानाच तेजश्रीनं तिच्या बाजूनं एक नवा जिन्नस टाकला: चिंधीमावशीची रानहळद. पान सरकवताच ती यादीच्या तळाशी येऊन बसली.

"ही आत्ता जन्मली, शेठ. दाबा."

शेठनं दाबलं. नोंद झाली. एकच. धनेशनं पुढे होऊन तीनदा वरखाली सरकवलं, मग तांदूळ दाबला. एकच. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे शब्द निघायला वेळ लागला.

"मग आता वाडीचा माल वर घ्या म्हणशील," शेठ पुटपुटला.

"नको. खालीच असू दे. आता खालचं ऐकू येतं."

दुपारपर्यंत मधाची पहिली मागणी आली. विमलबाईंची. खाली लिहिलं होतं: 'एकच बाटली. तीन नाही.'

संध्याकाळी निघताना तेजश्री दारात थांबली. पर्समधल्या पुडीतून चिमूटभर हळदीचे तांदूळ काढले आणि गाळ्याच्या उंबऱ्यावर ठेवले.

"शेठ, शुक्रवारी सुनीलचं लग्न आहे वाडीत. जेवायला या."

"येईन की. एकटाच येतो, त्रास नको तुम्हाला."

"एकटे नाही यायचं," तेजश्री म्हणाली. "चूलबंद आहे."