रोड्याचा काना

कुणाच्याही घरी गेलं की रोडामामा आधी मुडपलेल्या बोटांनी भिंत वाजवून बघायचे, बाजारात कलिंगड वाजवतात तशी. कान देऊन आवाज ऐकायचे, समाधानाने मान हलवायचे आणि घरमालकाला अगदी मनापासून विचारायचे, "पाडणार कवा?"

सांगलीत हळदीचे एक व्यापारी होते, सगळे त्यांना आण्णा म्हणत. मामा ज्या माधवनगरच्या गिरणीत होते ती बंद पडल्यावर ते आण्णांच्या गोदामावर रात्रीच्या राखणीला लागले. आण्णांनी नवा बंगला बांधला आणि वास्तुशांतीला गोदामावरच्या सगळ्यांना बोलावलं. आम्ही शेजारी म्हणून मामामामींबरोबर गेलो होतो. पंक्ती बसत होत्या. मामांनी दिवाणखान्याची भिंत वाजवली, दाराच्या चौकटीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आण्णा, माल एक नंबर हाय. पाडाल तवा पयली हाक मला मारायची."

वाढणाऱ्यांचे हात थांबले. आण्णांच्या आईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मामींनी पदर तोंडावर ओढला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. आण्णा मात्र हसून म्हणाले, "मामा, आधी जेवून तर घ्या."

मामांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय. "कौतुकच केलं की गं मी," ते मला म्हणाले. त्यांच्या लेखी घराचं याहून मोठं कौतुक नव्हतं.

मामांबद्दल काही गंभीर लिहावं म्हणून मी बसते आणि असं काहीतरी आठवून हसू येतं. त्यामुळे हे नीट जमेल का, मला शंका आहे. पण त्यांचं आणि माझं नातं चिखलातून जुळलं, तेव्हा तिथूनच सांगते.

आमची वस्ती सांगली सोडून कुपवाडकडे जाताना, उसाच्या रानात होती. गुंठा-गुंठा जमीन घेऊन कामगारांनी दोन-दोन खोल्या बांधल्या होत्या. माझे वडील कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होते. गुंठेवारीची, सरकारदरबारी मंजूर नसलेली वस्ती, म्हणून रस्ता करून द्यायला कुणी येत नव्हतं. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत एक गाडीवाट होती. तिच्या एका बाजूला तारेचं कुंपण घातलेला ऊस आणि दुसऱ्या बाजूला ओढा. खाली सगळी काळी माती. पाऊस पडला की सायकलच्या चाकात आणि मडगार्डमध्ये चिखल असा घट्ट बसायचा की सायकल माणसावर बसायची. मामा मूळचे साताऱ्याच्या डोंगराकडचे. ते म्हणायचे, "आमच्याकडं पाऊस पडला की पाणी पळतंय. हितं पाऊस पडला की माणूस बसतंय."

वस्तीत कॉलेजला जाणारी मी पहिली, आणि आमच्या घरातही पहिलीच. मामा मला नावाने हाक मारत नसत. "ए कालेज" म्हणत. एका चप्पलजोडीत मी चिखल तुडवायचे, दुसरी पिशवीत ठेवायचे आणि डांबरीजवळच्या नळावर पाय धुऊन ती घालायचे. पहिल्याच आषाढात एकदा पाय रुतला आणि मी पुस्तकांसकट आडवी झाले. तशीच घरी परत आले. वडील वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा जीव घाबरा झाला होता. ते म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यापतुर रस्ता झाला तर कालेज. न्हाईतर बास. आन् नापास झालीस, तरी बास."

हे मामांनी कुडापलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन आले आणि ओल्या मातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, रोडा. मामा चौथीपर्यंत शिकलेले होते. "वाच, कालेज."

"रोडा."

त्यांनी पायाच्या अंगठ्याने शेवटचा काना पुसला. "आता वाच."

"रोड."

"एवडंच काम हाय," ते म्हणाले. "काना तेवढा काढायचा."

घर पाडलं की विटांचे तुकडे, गिलाव्याची ढेपळं, फुटकी कौलं, फरशीच्या कपच्या असं जे उरतं त्याला आमच्याकडे राडारोडा किंवा नुसतं रोडा म्हणतात; मामांचं नाव त्यावरूनच पडलं. तो कुणालाच नको असतो. ट्रॅक्टरवाले तो आमच्या ओढ्यात ओतून पसार व्हायचे. त्या दिवसापासून मामा राखणीवरून सुटले की घरी झोपायला न येता डांबरीवरच्या ओढ्याच्या पुलाजवळ उभे राहू लागले. ट्रॉली दिसली की गमछा हलवायचे, रेल्वेला निशाण दाखवावं तसा.

"वड्यानं तुजं काय वाईट केलंय रं गड्या? हिकडं वत. चा पिऊन जा."

चहा मामींना करावा लागायचा. मामी म्हणजे मामांच्या उलट, मोजकं बोलायच्या, पण बोलल्या की लागायचं. "माझं लगीन गिरणीतल्या माणसाशी झालं व्हतं," त्या चुलीपुढे बसून म्हणायच्या. "आता टॅक्टरवाल्यांची खानावळ चालवतीया."

मामा वाट्टेल तो माल घेत नसत. ट्रॉली रिकामी होताना पोलिसासारखे जवळ उभे राहायचे. माती दिसली की परत भरायला लावायचे, "माती आमच्याकडं लय हाय." काच दिसली की स्वतः वेचून काढायचे, कारण वस्तीतली पोरं अनवाणी फिरत. अख्ख्या विटा वस्तीत ज्याला लागतील त्याला, लाकूड मामींच्या चुलीला, आणि बाकीचं वाटेवर. मोठे तुकडे खाली, बारके वर, त्यावर गिलाव्याचा चुरा, मग पाणी मारून धुमसाने ठोकायचं. ठोकताना ते वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाला हाक मारायचे. जो आजारी असल्याचं सांगायचा त्याच्या घरात जाऊन ते भिंत वाजवू लागायचे. तो लगेच बरा व्हायचा.

वाट जसजशी भरत गेली तशी मामांनी तिच्या तुकड्यांना नावं दिली. ज्या इमारतीचा राडारोडा, तिचं नाव. डांबरीपासून सुरुवात झाली की आधी "थेटर", मग "दवाखाना", पुढे आण्णांनी जुनं गोदाम पाडलं तेव्हाचं "गोदाम", आणि मग "मास्तरांचा जिना". सगळी वस्ती तसंच बोलायला लागली. म्हैस थेटरात बसली आहे, असं आमच्याकडे कुणी सांगितलं तर कुणाला नवल वाटत नसे.

नवल बाहेरच्यांना वाटायचं. एकदा वडील सायकलवरून घसरले आणि ढोपर फुटलं. नेमका त्याच संध्याकाळी कराडहून आत्याचा किराणा दुकानावर फोन आला. फोन घ्यायला मामा गेले. ते परत येऊन म्हणाले, "खुशाली सांगितली. तुजा दादा दवाखान्यात पडलाय, म्हटलं, पर काळजी करू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, तिचे यजमान आणि सासूबाई मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात हजर. आत्या उंबऱ्यातच रडायला लागली. वडील आतून चहा पीत बाहेर आले. मग मामा आत्याला वाटेवर घेऊन गेले आणि काठीने जागा दाखवली, "ह्यो बघा दवाखाना. हितं पडला." आत्याने डोळे पुसले, जमिनीकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं. मोसंबी मात्र तिने परत नेली नाहीत. ती मामांनीच खाल्ली.

फाल्गुन संपेपर्यंत वाट जवळजवळ झाली. फक्त ओढ्याच्या वळणावरचा एक तुकडा उरला, एका खोलीएवढा. तो सगळ्यात खोलगट. कुपवाडच्या एका जुन्या चावडीची भिंत पाडायची ठरली होती आणि तिचा सगळा माल मामांना कबूल झाला होता. मामांनी उत्साहात वळणावरची पोचट माती आधीच उपसून काढली. चांगला कमरेइतका खड्डा केला. "चावडी बसवायची हाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आम्ही कडेच्या बांधावरून जपून जात होतो. चावडीचं पाडकाम काही कारणाने लांबलं.

माझी वार्षिक परीक्षा सुरू झाली आणि इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला.

सकाळी सगळी वस्ती वळणावर उभी होती. खड्डा ओढ्याच्या पाण्याने काठोकाठ भरला होता आणि तळाच्या गाळात पाय ठरत नव्हता. बांध विरघळून त्यातच गेला होता. एका बाजूला ओढा फुगलेला, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. खड्ड्यापलीकडे थेटर, दवाखाना, गोदाम, जिना, सगळं मस्त कोरडं दिसत होतं. मामांनी खणलंच नसतं तर गुडघाभर चिखलातून तरी मला जाता आलं असतं. सगळे मामांकडेच बघत होते. इंग्रजीचा पेपर चुकला म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे काय ते मला माहीत होतं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे. नशिबात नसलं म्हंजे…"

मामांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. ते वळले आणि तरातरा आपल्या घराकडे गेले. आम्ही मागोमाग. घराच्या मागच्या अंगाला त्यांची न्हाणी होती, पक्क्या विटांची. वस्तीतली ती एकुलती एक पक्की न्हाणी. मामींनी हट्टाने बांधून घेतलेली. मामांनी सवयीने बोटांनी भिंत वाजवली.

आतून मामींचा आवाज आला, "काय हाय?"

"कवा निघणार तू?"

"का?"

 आयुष्यात पहिल्यांदाच मामा हा शब्द उच्चारताना अडखळलेले मी बघितले. "पाडायची हाय."

आत तांब्याचा आवाज थांबला. सगळी वस्ती कुडाजवळ उभी राहून कान देत होती. मला वाटलं, आता मामी जे बोलतील ते ऐकण्यापेक्षा नापास झालेलं बरं.

"पोरीचा पेपर किती वाजता हाय?" मामींनी विचारलं.

"अकराला," मी बाहेरून म्हणाले.

"मंग केसावरची शिकेकाय तरी धुऊ द्या," मामी म्हणाल्या. पुन्हा तांब्या वाजायला लागला.

त्या ओले केस बांधत बाहेर आल्या, एकदा न्हाणीकडे बघितलं आणि मामांना म्हणाल्या, "आंघोळीचा दगुड माझा मला ठिवा. तेवढा पाडू नगा."

मग जे झालं ते पाडकाम होतं की लुटालूट, ते मला अजून सांगता येत नाही. जो तो भिंतीला भिडला. घमेली हातोहात निघाली. विटा बुडत गेल्या, मग दिसायला लागल्या, मग पायाला टेकायला लागल्या. न्हाणी संपली आणि शेवटी एक पावलाचं अंतर उरलं. मामा इकडेतिकडे बघत उभे राहिले. मामी घरी गेल्या आणि आंघोळीचा दगड छातीशी धरून घेऊन आल्या. तो त्यांनी स्वतः ठेवला, पायाने दाबून बघितला आणि मला म्हणाल्या, "जा. घसरू नगंस, साबण लागल्याला हाय."

मी मामींच्या न्हाणीवरून पेपरला गेले. पहिल्या वर्षाला पास झाले. पावसाळ्यात कोरड्या पायांनी कॉलेजला जाऊ लागले, आणि माझ्या मागून वस्तीतल्या आणखी मुली.

चावडीचा राडारोडा नंतर आला, तो न्हाणीवर पसरला. मामींनी त्या तुकड्याला चावडी हे नाव लागू दिलं नाही. कुणी तसं म्हटलं की त्या टोकायच्या, "चावडी म्हणू नगंस. माझी न्हाणी हाय ती." पुढे बराच काळ त्यांनी पत्र्याच्या आडोशाला आंघोळ केली. मामा रोज म्हणायचे, चांगला माल आला की बांधतो. मामी म्हणायच्या, "चांगला माल तुमी कवाच पुरून टाकलाय."

मी शेवटच्या वर्षाला असताना आण्णांच्या घरी नवी सून आली. तिला न्हाणीघरातल्या गुलाबी फरश्या आवडेनात. बंगला अजून नवाच होता. तरी आण्णांनी स्वतः गोदामावर येऊन मामांच्या पाठीवर थाप मारली, "मामा, पाडायला काढलंय. पयली हाक तुमाला." मामा फुटक्या गुलाबी फरश्यांची गाडी भरून आणताना मिरवणुकीत असल्यासारखे चालत होते. त्या तुकड्यांची न्हाणी बांधून झाली तेव्हा मामींनी आत जाऊन दार लावलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मामा बाहेर उभे राहून सांगत होते, "बघा, वास्तुशांतीलाच सांगितलं व्हतं मी."

आता मी साताऱ्याला बी.एड. करते आहे. मागच्या हिवाळ्यात घरून निरोप आला की मामा गेले. राखणीवरून सकाळी परत येताना थेटराजवळ खाली बसले, ते उठले नाहीत. "थेटराजवळ" म्हणजे कुठे, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

सरावपाठांमुळे सुट्टी मिळेना; मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. वस्तीने वर्गणी काढून वाटेच्या डांबरीकडच्या तोंडाला पत्र्याची पाटी लावली होती. रोडामामा रस्ता, असं लिहायचं होतं. पेंटरने गडबडीत एक काना खाल्ला. पाटीवर निळ्या अक्षरांत होतं, रोडमामा रस्ता.

सरावपाठ घेऊन घेऊन मला आता शुद्धलेखनाची सवय लागली आहे. मी वडिलांना म्हणाले, पेंटरला बोलावून दुरुस्त करून घेऊ. मामी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं, मला म्हणाल्या, "काय लिवलंय, वाच बघू." मी वाचलं, आणि काय राहिलं आहे तेही सांगितलं.

"ऱ्हाऊ दे तसंच, कालेज," मामी म्हणाल्या. "त्यो काना काढण्यातच तर त्येंचा जन्म गेला."