कोहळ्यातल्या सळया

चिखलीतल्या इंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे शिव्यांचं दुकान. बॉनेटला कान लावायचा, बिघाड सांगायचा आणि वरून गाडीवाल्याला झापायचा, "तेल काऊन नाही बदललं बे? इंजिन हाय का उकिरडा?" जीपवाले, ट्रॅक्टरवाले मुकाट ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारात. पण मागच्या उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला नि मिस्त्रीचा उजवा हात बधिर झाला. औषधं झाली, व्यायाम झाले, हातात थोडं बळ आलं. बोटांना मात्र काही कळेना. गरम चहाचा कप धरला तरी बोटांना त्याचा पत्ता नसायचा. गॅरेजचं शटर खाली आलं ते आलंच.

शेवटी त्याने गल्लीतल्या हरिओमला मोबाइलच्या दुकानासाठी ती जागा कबूल केली. दसऱ्याच्या मुहूर्तावर किल्ली द्यायची ठरली.

आणि नेमके तेव्हाच देऊळगाव राजाचे नारायणराव टेम्पोत गाडी घालून दारात हजर! गाडी तरी कोणती, त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसं मावायची, टप नाही, आणि कित्येक वर्षं गोठ्यात म्हशीच्या शेजारी उभी. इंजिन पार जाम. वरचं हेड उतरवल्याशिवाय आत काय झालंय ते कळणार नव्हतं.

"माहा हात पाह्यला का?" इंद्रभानने विचारलं.

"पाह्यला. तरी हेड तूच उतरव. जमलं नाही तं नाही जमलं, दुसऱ्याले मी हात लावू देत नाही."

नारायणराव गेल्यावर इंद्रभान बायकोला म्हणाला, "कोकिळा, दसऱ्यापर्यंत पाहून घेतो. हातानं साथ देली तं शटर आपलं. नाही तं हरिओमले किल्ली देऊन मोकळा होतो." बोलायला बोलला, पण त्या रात्री माणूस धड जेवला नाही.

अष्टमीच्या दुपारी त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढलं, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची दांडी उतरवली, आणि त्या रॉकरांना खालून ढकलणाऱ्या आठ सळया, ज्यांना पुशरॉड म्हणतात, एकेक करून वर ओढल्या. सगळं डाव्या हातानं. या सळयांचं एक असतं, ज्या रॉकरखाली झिजली त्याच रॉकरखाली ती परत बसली पाहिजे. दुसऱ्याच्या जागी घातली की इंजिन कुरकुरत बसतं. म्हणून इंद्रभान पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात सळया ओळीनं खोचायचा. पण बंद गॅरेजात उंदरांनी सगळे पुठ्ठे फस्त केलेले. इकडेतिकडे पाहिलं तर कोपऱ्यात पिशवीत एक कोहळं. वा! त्याने आठही सळया कोहळ्यात ओळीनं खोचल्या आणि खुशीत घरात जाऊन पडला.

आता ते कोहळं तिथे आलं कुठून, एवढं तरी या शहाण्यानं विचारावं की नाही?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुवायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, कोहळं फोडायचं आणि दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. इंद्रभान आंघोळीला गेला तेवढ्यात कोकिळा गॅरेजात आली. पाहते तर तिनं बाजारातून पूजेसाठी आणलेल्या कोहळ्यात सळया! तिनं कपाळाला हात लावला, सळया उपसल्या, राखेनं लख्ख घासल्या आणि पान्यांच्या शेजारी मांडून त्यांना कुंकूसुद्धा लावलं.

"अवं, हे काय केलं वं!" इंद्रभान ओरडला. "कोणती कुठची, आता कसं कळंल?"

"मले काय सपन पडलं होतं? पूजेचं कोहळं घेताना तुम्ही विचारलं होतं का?"

मिस्त्री स्टुलावर मटकन बसला. हत्यारं पूजेत, पान्याला हात लावता येत नाही, उद्या दसरा. सगळं संपलं असंच त्याला वाटलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला रडू फुटलं.

कोकिळेनं त्याच्या पुढ्यात सळया आणून ठेवल्या. "पान्याले हात लावायचा नाही, सळयांले तं चालते ना? तुम्ही वांगंसुद्धा दाबून पाह्यल्याबिगर घेत नाही. मंग हे काऊन नाही दाबून पाह्यत?"

चिडूनच त्याने रॉकर डाव्या हातात घट्ट धरला. आता सळी फिरवायला उजवाच हात उरला. सळीचं टोक रॉकरच्या स्क्रूवर टेकवून त्याने ती चिमटीत फिरवली. काही नाही. दुसरी घेतली. काही नाही. तिसरी फिरवताना तो थांबला. परत फिरवली. कुठेतरी काहीतरी अडखळत होतं, फार बारीक, भाकरीत खडा लागावा तसं.

"अडकून राह्यली," तो पुटपुटला. मग एकदम मोठ्यानं, "कोकिळा, मले कळलं! ही इथली नाही, बोटाले कळलं वं!"

दिवस मावळेपर्यंत तो त्या सळया फिरवत बसला होता. चुकत होता, बदलत होता, स्वतःलाच शिव्या देत होता. पण एकेका रॉकरखाली एकेक सळी अशी गुळगुळीत फिरली की त्याने तिच्यावर खडूनं आकडा टाकला. कोकिळा मध्ये चहा ठेवून गेली. तो तसाच गार झाला.

दसऱ्याला सकाळी पूजा आटोपून त्याने हत्यारं उचलली. हेडचे नट बाहेरून आत थोडेथोडे सैल केले, पान्याच्या दांड्यावर कोकिळेचा जोर आणि मिस्त्रीचा आरडाओरडा. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकल्यावर हेड हललं. तेवढ्यात नवा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन हरिओम दारात.

"पाह्यत काय उभा राह्यला बे? तिकडून धर!"

तिघांनी मिळून हेड उचलून बाकावर ठेवलं. हरिओमच्या शर्टाला काळं ऑइल लागलं. इंद्रभानने दोन्ही तळवे हेडवर टेकवले आणि उजवा तिथेच राहू दिला.

"थंड हाय," तो हळूच म्हणाला. "कोकिळा, लोखंड थंड लागून राह्यलं मले."

कोकिळेनं पदर डोळ्यांना लावला. हरिओम एकदा तिच्याकडे, एकदा शटरकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "काका, मंग किल्ली?"

"तुले जागा मी पाहून देतो, बसस्टँडजवळ. माही जबान हाय." इंद्रभानने त्याच्या हातातल्या नारळाकडे बोट दाखवलं. "आणलाच हाय तं फोड. इथंच, शटरपुढं."