इंजिनावर ज्वारीचं पीठ

"थांबवा! गाडी हितंच थांबवा, जावईबापू," सासूबाई मागच्या सीटवरून ओरडल्या, आणि मी कुंभारीच्या रस्त्यावर असा ब्रेक मारला की बाभळीवरचे बगळेसुद्धा पुढे झुकले.

त्यांच्या मांडीवर, शेजारी, पायाशी, सगळीकडे फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्यांच्या चवडी. त्यांनी एक गाठोडं सोडलं आणि भाकरी माझ्या नाकापुढे धरली. करपलेल्या तेलाचा वास. भाकरी कुठंच करपली नव्हती. करपत होती माझी गाडी.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. चार बायका हाताशी घेऊन त्या चुलीवर कडक भाकऱ्या करतात. त्यांची भाकरी इतकी पातळ की तिच्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा, आणि मोडली तर आवाज माढ्यापर्यंत जावा. रोज सकाळी हा माल नव्या पेठेतल्या दुकानात पोचवायचा, हे माझं काम. कडक भाकरीत पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ती महिनोन् महिने टिकते. पण तापलेली माती पाणी पिते तशी ती वास पिते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वास पंधरा दिवस येत होता. मी शहाणपणा करून गाडीत मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं. दुकानदारानं भाकरी हुंगली, ही खायची की देवाला वाहायची असं विचारलं आणि सगळा माल परत दिला. दुसऱ्यांदा परत दिला तेव्हा त्यानं सांगूनच टाकलं: आणखी एकदा असा माल आला तर वैरागच्या एका बाईकडून घेईन. दुसरं मोठं गिऱ्हाईक मामींना नव्हतं. त्या दिवशी त्या घरी येऊन काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की चूलसुद्धा धूर आतल्या आत गिळते.

म्हणून मामींनी रस्त्यात थांबवलं त्या सकाळी दुकानाऐवजी गाडी सरळ गॅरेजात घातली. आमच्या उस्तादांनी आजवर इतकी इंजिनं उघडलीत की ओळीनं मांडली तर अक्कलकोटला वळसा घालून परत येतील. त्यांनी माझी गाडी आधी दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा तीच रीत: गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, इंजिन चालू ठेवायचं, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पडतो का बघायचं. आजही तेच केलं. पुठ्ठा कोरा. गळत काहीच नाही, म्हणजे इंजिन आतूनच तेल खातंय, असा त्यांनी निकाल दिला. पूर्ण खोलावं लागेल. आठ-दहा दिवस गाडी इथंच राहील.

आठ दिवस माल पोचला नाही तर दुकान गेलं, हे मला कळलं. मामींना माझ्याआधी कळलं होतं. त्या उकिडव्या बसल्या आणि तो कोरा पुठ्ठा हातात घेऊन बघत राहिल्या.

"खाली थेंब न्हाय," त्या म्हणाल्या.

"नाही, अम्मा," उस्ताद म्हणाले.

"आन वास तर येतोय."

"येतोय."

"मग त्यो थेंब मधीच कुटंतरी तापल्या तव्यावर पडून जळतोय की. खाली याला उरतोय कुटं?"

उस्तादांनी पुन्हा इंजिनात डोकं घातलं. मी गप्प झालो, ही गोष्ट आमच्या घरी अजून कुणी खरी मानत नाही.

मग मामींनी गॅरेज ताब्यात घेतलं. इंजिन निवू दिलं. उस्तादांकडून ते फडक्यानं लख्ख पुसून घेतलं. मला समोरच्या गिरणीतून मूठभर ज्वारीचं पीठ आणायला पिटाळलं. त्यांच्या घरी तेलाचा डबा कुठून झिरपतो ते दिसत नसलं की त्या डब्यावर पीठ भुरभुरतात.

"अम्मा, इंजिन पे आटा काय को?" उस्तादांचा जीव कळवळला. मामींनी ऐकलं नाही. चिमटीचिमटीनं त्यांनी इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेला पीठ पेरलं, परातीत पेरतात तसं. मग मला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन तापेस्तोवर मीही बॉनेटपाशी येऊन वाकलो.

मी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय; त्यातलं निम्मं तर घडलेलंही नाही. पण हे मी पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पिठात झाकणाच्या मागच्या सांध्यावर मोहरीएवढा एक ठिपका काळा झाला. तो वाढला. त्याची एक रेघ झाली, मुंगीच्या चालीनं मागे सरकली, कडेवर जरा थांबली आणि खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या फाट्यावर थेंब होऊन पडली. चर्र झालं. धुराची एक काडी उठली. तोच वास. पंधरा दिवस माझ्या नाकाला सापडत नव्हता तो चोर डोळ्यांसमोर उभा होता, आणि त्याला पकडायला लागलं होतं मूठभर पीठ. शेजारच्या दुकानातला पंक्चरवालासुद्धा हातातली ट्यूब तशीच धरून उभा राहिला.

उस्तादांनी झाकण काढलं. आतलं रबराचं पॅकिंग उष्णतेनं इतकं वाळलं होतं की हातात कडकन मोडलं. मामींनी तुकडा उलटून पाहिला आणि आपली भाकरी याच्यापेक्षा बरी असा चेहरा केला. संध्याकाळी नवं पॅकिंग बसलं. जुनं सांडलेलं तेल जळून जायला दोन दिवस लागतील, असं उस्ताद म्हणाले. ते दोन दिवस मी काचा उघड्या टाकून रिकामी गाडी कुंभारीच्या रस्त्यावर इतकी पळवली की रस्ताच दमला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं भाकरी हुंगली. पुन्हा हुंगली. मग मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्या चवडी पुढच्या फळीवर लावल्या.

परत येताना मला राहवलं नाही. ज्यांनी जन्मात कधी बॉनेट उघडलं नव्हतं त्यांना, उस्तादांना न सुचलेलं, म्हणजे चोर वरच्या झाकणापाशी आहे हे, एका कोऱ्या पुठ्ठ्यावरून कसं काय समजलं, असं मी मामींना विचारलं. माझा आवाजही जरा देवळात येतो तसा झाला होता.

मामी खिडकीबाहेर बघत होत्या.

"तेल काय वर चढतंय व्हय," त्या म्हणाल्या.