दोन हेल्मेटांची खूण

ही उंच, लांब पल्ल्याची मोटारसायकल कशी आहे असं कुणी विचारलं, की मी सांगायचो : हायवेला झकास, घाटात मनासारखी वळते, कच्च्या रस्त्यालाही हटत नाही, पण मागून फार आदळते. परवा सर्व्हिसिंगला हेच गाऱ्हाणं केलं. मेकॅनिक मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि सस्पेन्शनच्या नॉबवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे दोन माणसांवर आहे, म्हणून मागची स्प्रिंग कडक. तुम्ही तर एकटेच येता."

नॉबवर बारीक चित्रं आहेत. एक हेल्मेट, दोन हेल्मेटं. गाडी घेतली त्याच दिवशी माझ्या बायकोनं, नंदानं, तो दोनावर फिरवला होता. तिला जाऊन दीड वर्ष झालं. गाडीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मागे कुणीतरी बसलंय असं समजून ती बिचारी चालत राहिली आणि मी तिलाच नावं ठेवत होतो.

"एकावर करू?"

"कर," मी म्हणालो.

परतताना नाक्यावरचा मोठा खड्डा आला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नंदा, घट्ट धर."

गाडी अलगद पुढे गेली. जराही आदळली नाही.